पाच माणसांचा ताबूत

१२ मार्च १९०४, शनिवार

आज नथ्थूचाचांना माती दिली. जनाज्याला आम्ही सातजण होतो. गेल्या मुहर्रमला याच माणसामागे अख्खं जुन्नर चाललं होतं. चाचा पंज्याचं निशाण धरून पुढे, त्यांच्यामागे ताबूत, मग ताशे, आणि दोन्ही बाजूंना घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया. त्यात आमच्यापेक्षा हिंदूंच्याच जास्त.

गाव रिकामं करून तीन आठवडे झाले. नदीकडच्या माळावर गवताच्या झोपड्या घालून राहतो आहोत. गाठीच्या तापाने हाताने कागद बनवणाऱ्या आम्हा कागदी लोकांच्या आळीतली एकवीस माणसं नेली. रोज कोणाचं तरी नाव कानावर येतं आणि पहिला विचार मनात येतो तो हाच, की आपल्यातलं नाही ना. असा विचार करणाऱ्या माणसाने नमाज कोणत्या तोंडाने पढावी?

चाचांनी जाण्याआधी मला लांब उभं करून किल्ली माझ्याकडे फेकली. म्हणाले, "मदार, पंजे पेटीत आहेत. मी नसलो तरी यंदा त्यांना अंधारात ठेवू नकोस." मी हो म्हटलं. मरणाऱ्याला नाही कसं म्हणणार?

परत आलो तर अमीना दारातच उभी. चाचांचं काही विचारलं नाही. म्हणाली, "मग ताबूत तुम्हीच करणार ना?"

तिला दुसरं सुचणार नाही. आमचे दोन मुलगे अंगावर पीत असतानाच गेले. सुगरा पोटात होती तेव्हा अमीनाने पंज्यासमोर नवस केला: पोर जगलं तर ते बारा वर्षांचं होईपर्यंत दर मुहर्रमला आमच्या हातचा ताबूत उठेल आणि पोर हिरवे कपडे घालून इमाम हुसेनचं फकीर होईल. सुगरा आता नऊ वर्षांची आहे. या मरीत सबंध आळी आजारी पडली, पण पोरीला साधं पडसं झालं नाही. अमीना म्हणते, हे त्या नवसामुळेच. मला मात्र वाटतं, नवस करणारे तर त्या एकविसांतही होते. हे तिच्यासमोर बोललो नाही. इथे लिहितो. मी घरात दखनी बोलतो, पण लिहायला शाळेतल्या चार इयत्तांचं मराठीच तेवढं येतं. आमच्या घरात दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही, ते बरंच आहे.

१४ मार्च, सोमवार

कचेरीत दोन प्रहरपर्यंत उभा होतो. मामलेदारसाहेबांनी तोंडावर रुमाल धरूनच विचारलं, "काय हवंय?"

मी म्हटलं, "साहेब, ताबुताला परवानगी."

"वेडा की खुळा? गर्दीने रोग पसरतो म्हणून आम्ही बाजार बंद केला, देवळं बंद केली. तुमच्यासाठी वेगळा कायदा करू?"

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. पाय धरले एवढं आठवतं. आयुष्यात कोणाचे पाय धरले नव्हते. शेवटी त्यांनी कारकुनाकडून चार ओळी लिहून घेतल्या. पाच माणसं. वाजंत्री नाही. बायामुलं नाहीत. ताबूत माळावरूनच उठेल, गावात शिरणार नाही. सरळ नदीवर जायचं, पाण्यात सोडून थंड करायचा आणि डोक्यावर ऊन यायच्या आत परत.

"सहावा माणूस दिसला तर ताबूत तिथेच जाळीन," साहेब म्हणाले.

अमीनाला सांगितलं. ती रडली. मला वाटलं वाईट वाटून रडते आहे. म्हणाली, "पाच पुष्कळ झाले."

१६ मार्च, बुधवार

पास घेऊन सामान आणायला गावात गेलो. वेशीपासून आमच्या आळीपर्यंत एक माणूस दिसला नाही. दारांवर चुन्याच्या खुणा. आमच्या कारखान्यात लगद्याचा हौद कोरडा पडून तडकला आहे. माझ्या आज्याच्या वेळेपासून तो हौद कधी कोरडा पडलेला मी ऐकला नव्हता. गिरणीच्या कागदाने धंदा तसाही बसत आला होता. आता सारी आळीच बसली.

कोपऱ्यात उंदीर मरून पडले होते, पण वाळून कडक झालेले. म्हणजे जुनी गोष्ट. हात न लावता काठीने सारले. चांगले दोन दस्ते कागद निघाले. मग चाचांच्या घरून पंज्यांची पेटी घेतली आणि तिच्यावर पसरलेले हिरवे कपडे, जुने रुमाल, चिंध्या, सगळ्याचं एक गाठोडं बांधलं. घरात पिसवा फार. पोटऱ्या लाल झाल्या. रिकाम्या घरात पिसवा होतातच.

अमीनाने गाठोडं मांडीवर घेऊन सोडलं. चाचांच्या घरातला उदाचा वास अजून कपड्यांना होता. ती किती वेळ नुसती वास घेत बसली. मग त्यातलंच एक कापड काढून सुगरासाठी कुडता बेतायला घेतला. पुष्कळ दिवसांनी तिला अशी शांत बसलेली पाहिली. जीव धोक्यात घालून गेल्याचं सार्थक झालं.

१८ मार्च, शुक्रवार

सकाळी शेजारच्या झोपडीतल्या कुशाबाईने गुढी उभारली. ती माळीण आहे, एकटीच आहे. नवरा याच मरीत गेला. साडी नव्हती म्हणून धुतलेलं धोतर बांबूला बांधलं. संध्याकाळी आमचा चंद्र दिसला. सुगरा ओरडली, "कुशामावशी, आमचापण सण आला!" कुशाबाई म्हणाली, "येऊ दे बाई. येणारं कुनीतरी असू दे."

सुगराला उद्या हिरवा कुडता घालणार. अमीना रात्र जागून शिवते, अंग खाजवत असते. म्हणते, झोपडीत पिसवा झाल्या आहेत.

२० मार्च, रविवार

घाटघरहून जानकू आला. दरसाल ताबुताचे बांबू तो आणतो. त्याच्या बापापासूनची चाल आहे. यंदा मी निरोपही पाठवला नव्हता. नाक्यावरच्या शिपायाने अडवलं तर दिवसभर तिथेच बांबू टाकून बसला. शेवटी मी जाऊन पास दाखवला.

मी म्हटलं, "जानकू, इथे मरण आहे. बांबू दिलेस, आता परत जा."

"जातू कसा? पाच मानसं लागत्यात ना राव तुमाला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"शिपायानं. म्या त्येला म्हनलं, पाचातला एक म्या. माजं पोरगं ताबुताखालून काढलं तवा जगलं. आता तुमच्यावर येळ आली आन् म्या डोंगरात बसून ऱ्हाऊ व्हय? न्हाई."

मी त्याला मिठी मारणार होतो. मग आठवलं, हल्ली कोणी कोणाला शिवत नाही.

धरमचंद शेठ, ज्यांचं पेठेत दुकान होतं, ते पलीकडच्या मळ्यात राहायला गेले आहेत. त्यांनी लाल आणि सोनेरी बेगड पाठवली. त्यांच्या आईने, झमकूबाईंनी, निरोप सांगितला की दरसाल ताबुतावर खोबरं-रेवड्या वाहते, यंदा येता येत नाही, माझ्या नावाने तुम्ही वाहा.

माळाच्या टोकाला एक आडोसा बांधून ताबुताचं काम सुरू केलं. बांबू चिरायला जानकू, कागद कापायला मी. आमच्या आळीतले बाबूलाल आणि शमशू हे दोघे भाऊ खळ करून देतात. पाचवा माणूस शमशूचा सासरा. पाच झाले. चाचांसारखी नक्षी मला येत नाही. घुमट एका बाजूला कलतो.

२४ मार्च, गुरुवार

अमीनाचं काय बिनसलं आहे कळत नाही. सकाळी मी जेवायला आलो तर ताट दाराबाहेर ठेवलेलं. ती आत, भिंतीकडे तोंड करून पडलेली. डोकं दुखतं म्हणाली, उन्हात गोवऱ्या वेचल्या म्हणून. मग म्हणाली, "आडोशालाच झोपत जा. ताबूत एकटा ठेवू नये."

मी म्हटलं, "जानकू आहे की तिथं."

"जानकूचा नवस नाही. तुमचा आहे."

बोलणं असं तुटक.

२५ मार्च, शुक्रवार

आज तर हद्द झाली. सुगराला कुशाबाईच्या झोपडीत राहायला पाठवून दिली. म्हणते, फकीर झालेल्या पोराने आईबापाच्या घरी राहू नये, पाच घरचं मागून खावं. इथे कुठली पाच घरं? पोर रडत होती. "अम्मा, मी काय केलं?" अमीना आतूनच ओरडली, "गेलीस की नाही?" कधी पोरीवर आवाज चढवला नव्हता तिने.

मी रागावून बोललो. म्हटलं, "नवसासाठी तू पोरीला दूर लोटतेस. ज्याच्यासाठी नवस केलास तेच नको झालं का तुला?"

तिने मलिद्याचं पीठ दारातून पुढे सरकवलं. डाव्या हाताने. मी म्हटलं, उजव्या हाताने दे, नियाजीचं आहे, इमामाला वाहायचं. तिने उजवा हात उचलला आणि परत खाली ठेवला. "खांदा दुखतो," म्हणाली. मी पीठ उचलून निघून आलो.

२६ मार्च, शनिवार

घुमट सरळ झाला. पंजे धुऊन, ऊद दाखवून आडोशात बसवले. शमशूच्या सासऱ्याला ताप भरला, त्याला इस्पितळाच्या झोपडीत नेलं. पाचातला एक गेला. कोणाला विचारू? ज्याला विचारतो तो आधी स्वतःच्या पोरांकडे बघतो. त्यांचं काही चुकत नाही.

मला वाटतं, ताबूत हा माझ्या हातून होणारा शेवटचा कागद. पुण्याचे एक मौलवीसाहेब मागे म्हणाले होते की हे ताबूत दीनमध्ये नाहीत. नसतील. पण आज खळीत हात बुडवले तेव्हा पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला कोणाचा मृत्यू आठवला नाही. एवढ्याने मी गुन्हेगार होत असेन तर होवो.

अमीनाशी कालपासून बोलणं नाही. दारावरून हाक मारली तर "बरी आहे" म्हणते.

२८ मार्च, सोमवार

आज मुहर्रमची दहावी. ताबूत थंड झाला.

सूर्य उगवताच उचलायचा होता. मी, जानकू, बाबूलाल, शमशू. खांद्याला चारजण हवेत आणि पंजा धरून पुढे एक. आम्ही चारच. मी म्हटलं, पंजा एका हातात धरतो आणि एका खांद्यावर दांडी घेतो. दहा पावलं गेलो नाही तोच पंजा हेलकावला. बरोबर पाठवलेला शिपाई मागून चालत होता. तो परगावचा मराठा, नाव मला माहीत नाही. त्याने दंडुका कमरेला खोचला, पायातल्या वहाणा काढल्या आणि माझ्या जागी खांदा दिला. "चला, तुमी म्होरं व्हा," एवढंच म्हणाला. असे पाच झालो.

ताशे नाहीत. एवढ्या शांततेत ताबूत जाताना मी कधी पाहिला नव्हता. फक्त कागदाची सळसळ. झोपड्यांतून लोक बाहेर आले, पण हुकूम ठाऊक असल्याने दारातच उभे राहिले. बायांनी आपापल्या दारात पाणी ओतलं. एका म्हाताऱ्याने लांबूनच हात जोडून विचारलं, "आता तरी थांबंल का हे?" मी पंजा सावरून पुढे चाललो.

निघताना अमीना दारात आली होती. चार दिवसांनी तिला उजेडात पाहिलं. पदराने तोंड झाकलेलं, कुडाला टेकलेली. डोळे फार लाल. ती ऊद घ्यायला पुढे आली नाही. म्हणाली, "सुगराचे अब्बा, एकदा उचलल्यावर मागं बघू नका. मागं बघत नाहीत." असा रिवाज मी कधी ऐकला नव्हता. पण दिवस मोठा होता, वाद नको म्हणून मान डोलावली, आणि नदीपर्यंत खरोखरच मागे बघितलं नाही.

कुकडीच्या डोहात ताबूत सोडला. बेगड थोडा वेळ चमकली. आधी कागद भिजला, मग बांबू आडवे झाले. मी झमकूबाईंच्या रेवड्या वाहिल्या. मनात म्हटलं, तीन वर्षं राहिली, तेवढी पोर सांभाळ.

परत आलो तेव्हा झोपडी रिकामी होती. कुशाबाईने लांबूनच सांगितलं, "ती इस्पितळात गेली. आपल्या पायानं गेली."

२९ मार्च, मंगळवार

अमीना गेली. पहाटे.

काल संध्याकाळी मला कुडाच्या फटीतून बघू दिलं. उजव्या काखेत गाठ. मला ओळखलं. "बुडाला?" विचारलं. मी म्हटलं, "बुडाला. नीट बुडाला." मग ती नथ्थूचाचांशी बोलायला लागली.

माती द्यायला कालचेच पाचजण होतो. शिपाईसुद्धा.

३१ मार्च, गुरुवार

ज्याच्या घरात रोगी निघाला त्याला दहा दिवस काटेरी कुंपणात वेगळं ठेवतात. तिथून लिहितो आहे. आमची झोपडी जाळली.

आज कुशाबाई कुंपणापाशी आली. सुगराला बरोबर आणली होती, पण पार लांब बाभळीखाली उभी केली होती. मी पोरीला ओळखलंच नाही. अंगात परकर-पोलकं, कपाळाला कुंकू. इन्स्पेक्टर आला तेव्हा कुशाबाईने सांगितलं होतं की ही माझी भाची सोनी, म्हणून पोर कुंपणात आली नाही. ते कुंकू पुसायला सांगणार होतो. पण पोर उभी होती, आपल्या पायांवर उभी होती.

मी विचारलं, "हिरवा कुडता कुठे आहे?"

"जाळला."

"जाळला? तिच्या आईने हाताने शिवलेला! तिची एवढी एकच वस्तू उरली होती, कुशाबाई!"

"तिनंच जाळाया सांगितला, भाऊ. शुक्करवारीच. पोर माज्याकडं धाडली तवा म्हनली, ह्ये अंगावरचं काढ, जाळ, पोरीला न्हाऊ घाल आन् माज्या दारात येऊ देऊ नगंस. गाठ तवाच आली व्हती तिला."

"शुक्रवारी? मग मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हनलं, त्यास्नी सांगते. तर माजे पाय धराया लागली. म्हनली, त्यांना कळलं तर ते माज्यापाशी बसत्याल आन् ताबूत ऱ्हाईल. आन् माज्यापाशी बसले तर पोरीला कोन?"

मी त्या दिवशी तिला काय बोललो ते वर लिहिलेलं आहे. तो ताव फाडणार होतो. फाडला नाही. राहू दे.

कुशाबाईला वाटतं, मी गावातून आणलेल्या गाठोड्यातच काहीतरी होतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रोग जमिनीतून आणि कोंदट हवेतून येतो, कपड्यांचं नक्की सांगता येत नाही. गाठोडं तर मीही उचललं होतं, मला काही झालं नाही. मग तिलाच का? कुठून आलं?

सुगराने लांबूनच विचारलं, "अब्बा, अम्मा कशी आहे?"

कुशाबाईने माझ्याकडे पाहिलं. तिने पोरीला सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "इस्पितळात आहे. ताप उतरला."

२ एप्रिल, शनिवार

सुगरा रोज येते. मी बाभळीकडे तोंड करून ओरडून सांगतो. आज अम्माने पेज खाल्ली. आज उठून बसली. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. आधी वाटलं, कुंपणातून सुटलो की जवळ घेऊन सांगेन. एवढ्या लांबून कसं सांगायचं? आता वाटतं, रोज मीच तिला थोडं थोडं जिवंत करतो आहे, म्हणून सांगवत नाही.

पोर काही जास्त विचारत नाही. ऐकते आणि मान हलवते.

५ एप्रिल, मंगळवार

आज सांगितलं की अम्माने तुझ्या वेणीबद्दल विचारलं. सुगरा म्हणाली, "कुशामावशी घालते, सांगा तिला." मग, "अब्बा, तुम्ही जेवलात का?"

जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगितलं.

जानकू अजून इथेच आहे. बाहेर थांबला आहे. म्हणतो, "सुटलात की घाटघरला चला. पोरीला वाईच डोंगरची हवा लागू द्या. दोन म्हैने ऱ्हावा, मंग बगू." आळीत आता कोण आहे? हौद पुन्हा भरायचा तर किमान सहा माणसं हवीत.

८ एप्रिल, शुक्रवार

सुटलो. सकाळी डॉक्टरांनी काखा, मान, जांघा तपासून सोडलं.

सुगरा बाभळीखालीच बसली होती. जवळ गेलो, मांडीवर घेतली. दहा दिवस मनात जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "बेटी, अम्माबद्दल सांगायचं आहे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे, अब्बा."

"काय ठाऊक आहे?"

"तिला नेताना मी कुशामावशीच्या कुडातून बघितलं. फटीतून तुम्ही दिसला नाहीत. जानकूकाका होता."

मी म्हटलं, "मग इतके दिवस गप्प का राहिलीस? मी रोज सांगत होतो, पेज खाल्ली, उठून बसली…"

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही रोज असं सांगायचात. मला वाटलं, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. मग मी कसं सांगणार?"

आणि पदर नव्हता म्हणून परकराच्या टोकाने तिने माझं तोंड पुसलं.

उद्या घाटघरला निघतो.